कूलरला झिणझिण्या येतात आणि तीन वायरमन तीन गोष्टी सांगतात

पत्र :
मानेवाड्यात आमचं ३० वर्षांचं जुनं, एकमजली घर आहे. मागच्या वर्षी एका खोलीत दीड टनाचा एसी बसवला. हॉलमध्ये जुना लोखंडी कूलर आहे. गेले १५ दिवस दुपारी दोन-अडीचला एमसीबी (मेन बोर्डातला लोड वाढला की आपोआप पडणारा खटका) पडते. वर केली की अर्धा तास टिकते, पुन्हा पडते. त्यात परवा सासूबाई कूलरमध्ये पाणी भरत होत्या, तर त्यांच्या हाताला झिणझिण्या आल्या. तीन वायरमन बोलावले. पहिला म्हणाला, १६ ॲम्पिअरची एमसीबी काढून ३२ची टाका. दुसऱ्याने दारातूनच पाहिलं आणि पूर्ण घराची वायरिंग बदलायला ८५ हजार सांगितले. तिसरा म्हणाला, अर्थिंग गेलं आहे, सॉकेटमध्येच न्यूट्रलला जोडून देतो, पाच मिनिटांचं काम. आमचे हे म्हणतात, तिसऱ्याकडूनच करून घेऊ. कोणाचं ऐकावं? आणि चांगला वायरमन ओळखायचा तरी कसा?
— एक गृहिणी, नागपूर

ताई,

पुढचं वाचायच्या आधी उठा आणि कूलरचा प्लग बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत कित्येकदा बटण फेजऐवजी (करंट आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या वायरीवर) लागलेलं असतं. मग बटण बंद केलं की पंखा थांबतो, पण करंट कूलरपर्यंत पोहोचलेलाच असतो. प्लग काढून झाला की मग बसा, निवांत बोलू.

झिणझिण्या हा शब्द आपण फार सहज वापरतो. "थोडासा करंट मारतो, चप्पल घालून हात लावायचा," असं घरोघरी ऐकू येतं. मला त्या वाक्याची भीती वाटते. विदर्भात मार्च ते जून या महिन्यांत कूलरचा शॉक लागून माणसं जातात, आणि त्यातले बरेच प्रसंग पाणी भरताना, टंकी पुसताना किंवा ताट्या बदलताना घडतात. परवा सासूबाईंच्या पायाखालची फरशी कोरडी असेल, किंवा पायात चप्पल असेल, म्हणून झिणझिण्यांवर निभावलं. तोच कूलर, तोच दोष, आणि फरशी ओली असती तर चित्र वेगळं झालं असतं.

आत काय होतं ते सांगतो. टंकीत बुडालेल्या पंपाच्या गुंडाळीवरचं आवरण दोन-तीन उन्हाळ्यांत खराब होतं, किंवा पंपाची वायर टंकीच्या धारेवर घासून सोलली जाते. करंट पाण्यात उतरतो, पाण्यातून पत्र्यात. कूलरला तीन पिनांचा प्लग असता आणि हिरवी वायर पत्र्याला नीट जोडलेली असती, तर तो करंट जमिनीत गेला असता. पण आपल्याकडचे बरेच लोखंडी कूलर दोन तारांच्या वायरवर आणि दोन पिनांच्या प्लगवर चालतात. काहींना हिरवी वायर असते, पण होळी झाली की आपण कूलरला नवा रंग मारतो आणि तो रंग अर्थिंगच्या स्क्रूखालीही जातो. वायर दिसते जोडलेली, पण मधे रंगाचा थर. म्हणून वायरमनला सांगा, स्क्रूखालचा रंग पत्रा चकाकेपर्यंत खरवडायचा, वायरच्या टोकाला लग (धातूचं टोपण) दाबायचा, वॉशर टाकून आवळायचं. वायर तीन तारांची घ्यायची आणि पंप नवाच आणायचा. या पंपाच्या दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

आता तुमच्या तिसऱ्या वायरमनबद्दल, कारण तुमचे हे त्याच्याकडेच निघाले आहेत. त्यांना माझ्या वतीने सांगा, तिघांत सगळ्यात घातक सल्ला हाच आहे.

बोर्डावरच्या सॉकेटमध्ये मोठ्या पिनेचं भोक, म्हणजे अर्थिंग, एका छोट्या वायरीने न्यूट्रलला जोडून दिलं की झिणझिण्या खरंच बंद होतात. म्हणूनच लोकांना ते पटतं. पण न्यूट्रल म्हणजे अर्थिंग नाही. न्यूट्रल ही करंट परत नेणारी चालती वायर आहे. उद्या ती सॉकेटात, बोर्डात, मीटरपाशी किंवा खांबावर कुठेही सुटली, तर फेजचा करंट मोटारीतून न्यूट्रलमध्ये येतो, पुढे जायला वाट नसते, आणि त्या छोट्या वायरीतून तो थेट कूलरच्या पत्र्यावर येतो. पूर्ण २३० व्होल्ट. शिवाय त्या बोर्डावर फ्रिज किंवा वॉशिंग मशीन असेल तर त्यांच्या पत्र्यावरही. कोणी मीटरचं काम करताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल केली तरी हेच होतं. मी अशी सॉकेटं स्वतः उघडून पाहिली आहेत : आतल्या बाजूला बोटभर काळी वायर, दोन्ही टोकं पिळून बसवलेली, आणि बाहेरून नवंकोरं पांढरं सॉकेट. घरातल्या कुणाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. तुमच्या घरात आधीच कुणी असं करून ठेवलं आहे का, हे नव्या वायरमनकडून प्रत्येक सॉकेट उघडून बघून घ्या.

पहिल्याचा सल्ला घरासाठी वाईट. एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवायला नसते, ती भिंतीतल्या वायरीला जळण्यापासून वाचवते. तुमच्या जुन्या घरात दीड चौरस मिलिमीटरची वायर असेल, तर ती पाइपातून साधारण १४ ते १६ ॲम्पिअर वाहू शकते. त्यावर ३२ची एमसीबी टाकली की वायर तापत राहील, आवरण वितळेल, आणि एमसीबी शांत बसून राहील. पडायचं थांबेल हे खरं, पण जी गोष्ट तुम्हाला इशारा देत होती तिचं तोंड बंद केल्यासारखं होईल.

दुपारी दोनलाच का पडते, हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही याचं मला वाईट वाटलं. बेरीज करून बघा. दीड टनाचा एसी कडक उन्हात ७-८ ॲम्पिअर घेतो. फ्रिज आणि कूलर मिळून दोन. ७५० वॅटचा मिक्सर तीनच्या वर. १००० वॅटची इस्त्री चारच्या वर. हे सगळं एका १६च्या एमसीबीवर असेल तर ती १७ पाशी पोहोचली. त्यात आणखी एक गोष्ट आपल्या गावाला लागू आहे. एमसीबीचा हिशोब ३० अंश तापमान धरून बांधलेला असतो. नागपुरात २३ मे २०१३ला पारा ४७.९ वर गेला होता. नवतपात उन्हाच्या भिंतीवरचा बोर्ड आतून किती तापत असेल, विचार करा. अशा बोर्डातली १६ची एमसीबी १६च्या आधीच पडते. ती खराब नाही, तापली आहे. याच एमसीबीखालचा एखादा स्क्रू ढिला असेल तर तोही उष्णता करतो आणि ती आणखी लवकर पडते.

म्हणजे तुमच्या घरात दोन वेगळे दोष आहेत. एमसीबी लोडमुळे पडते आणि झिणझिण्या कूलरच्या दोषामुळे येतात. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

लोडचं औषध सोपं आहे. एसीला मेन बोर्डापासून स्वतःची वेगळी लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि २० ॲम्पिअरची स्वतःची एमसीबी. बाकी घर आहे तसं राहू शकतं. सोबत महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' किती आहे ते बघा. एसी येण्याआधीचाच आकडा असेल तर वाढवून घ्या.

आता आरसीसीबीबद्दल, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणाऱ्या खटक्याबद्दल, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. सगळ्या पत्रातून एकच गोष्ट करायची झाली तर ही बसवून घ्या.

हृदयाची लय बिघडायला पन्नास-साठ मिलिॲम्पिअरही पुरतात. तुमची एमसीबी १६ ॲम्पिअरची, म्हणजे १६,००० मिलिॲम्पिअरची. माणूस चिकटला तरी तिला कळतसुद्धा नाही. बरं, अर्थिंग आहे म्हणून ती पडेल, हेही धरून चालू नका. तुमच्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध ४० ओहम निघाला असं समजा. २३० भागिले ४०, म्हणजे पावणेसहा ॲम्पिअर. कूलरचा पूर्ण फेज पत्र्यावर आला तरी जमिनीत पावणेसहाच ॲम्पिअर जाणार, १६ची एमसीबी जागची हलणार नाही, आणि पत्रा जिवंतच राहणार. आणि ४० ओहम ही काही अशक्य गोष्ट नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, खड्ड्यातल्या पाइपपासून माती सुटते. पावसाळ्यात बरा असलेला खड्डा मे महिन्यात निकामी होतो. खड्ड्याला उन्हाळाभर रोज संध्याकाळी बादलीभर पाणी घाला. मीठ-कोळसा भरून किती वर्षं झाली हे कुणाला आठवत नसेल तर नवा खड्डाच करा. घरासाठी रोध ५ ओहमच्या आत आणण्याचा प्रयत्न करावा.

आरसीसीबी वेगळ्या तऱ्हेने काम करते. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच ती बघते. ३० मिलिॲम्पिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट कुणाच्या तरी अंगातून किंवा पत्र्यातून भलतीकडे चालला, की ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाइन तोडते. विकत घेताना तिच्यावर ३० मिलिॲम्पिअर लिहिलेलं बघा. १०० किंवा ३००ची मिळते, ती आगीसाठी असते, माणसासाठी नाही. तुमच्या घराला दोन पोलची, ४० ॲम्पिअरची पुरेल. तिच्यावर 'टेस्ट'चं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर लाइन गेली पाहिजे. नाही गेली तर ती शोभेची वस्तू आहे.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. जुन्या घरात आरसीसीबी बसवली की सुरुवातीला ती सारखी पडते, आणि मग वायरमन म्हणतो, "बाई, तुमच्या घराला ही चालत नाही, काढून टाकतो." काढू देऊ नका. बहुतेक वेळा कारण न्यूट्रलचंच असतं : इन्व्हर्टरची न्यूट्रल आणि घराची न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेली असते, किंवा एखाद्या बोर्डात न्यूट्रल अर्थिंगला लागलेली असते. त्या वेगळ्या कराव्या लागतात. कामाला अर्धा दिवस लागेल, पण होतं. आणि तरी पडत असेल तर घरात खरंच कुठेतरी करंट गळतो आहे, आणि ती आपलं काम करते आहे.

चांगला वायरमन कसा ओळखायचा, हा तुमचा खरा प्रश्न. मी एक प्रसंग सांगतो, त्यात माझं उत्तर आहे.

आपल्या नागपुरातल्या नंदनवन वस्तीत एका ओळखीच्या घरी असाच त्रास होता. आलेला माणूस पन्नाशीचा. चहा नको म्हणाला, आधी खुर्ची मागितली. दहा मिनिटं फक्त विचारत होता : कधी पडते, तेव्हा काय काय चालू असतं, बल्ब डिम होतात की जास्त उजळतात, नवीन काय घेतलं. मग क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा) काढून मेनच्या वायरीभोवती लावला. १४ ॲम्पिअर. इस्त्री लावायला सांगितली. साडेअठरा. मेन बंद केलं, टेस्टरने खात्री केली, बोर्ड उघडला आणि नाक जवळ नेऊन वास घेतला. एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढली. तिसरी न्यूट्रल हातात आली. तिचं टोक दोन इंच तपकिरी झालं होतं, आवरण कागदासारखं तुटत होतं. त्याने जळालेला भाग कापला, नवं टोक सोललं, आवळलं, पुन्हा मोजलं. मग म्हणाला, "भाऊ, हे तर झालं, पण एसीची लाइन अलग घ्याच. मी आज करून राहिलो नाही, सामान आणा, रविवारी येतो."

घरमालकाला त्याचे पैसे जास्त वाटले. स्क्रूच तर आवळला, असं म्हणाला. मी त्यांना तेव्हाही सांगितलं आणि तुम्हालाही सांगतो, दोष शोधण्याचे पैसे आनंदाने द्या. आपण फक्त बदललेल्या सामानाचे पैसे देतो, म्हणून वायरमन मोजायचं सोडून सामान बदलायला शिकतात.

तेव्हा फोनवरच विचारा : क्लॅम्प मीटर आहे का, मेगर (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) आहे का? फक्त टेस्टर घेऊन येणाऱ्याला बल्ब-पंख्याच्या कामाला बोलवा, या कामाला नको. टेस्टर पेटला तर करंट आहे एवढं कळतं, नाही पेटला तर धोका नाही असं कळत नाही, आणि अर्थिंग तर त्याने कळतच नाही. त्याला विचारा, कुठे शिकला. वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) आणि तारतंत्री (वायरमन) हे आयटीआयचे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. आपल्या श्रद्धानंदपेठेतल्या शासकीय आयटीआयमधून शिकलेली कितीतरी मुलं शहरात काम करतात. कागद असला म्हणजे हात चांगला असतोच असं नाही, पण कागद दाखवायला का-कू करणारा माणूस मला नको वाटतो. लोड वाढवायचा असेल तेव्हा शासनमान्य परवानाधारक ठेकेदारच गाठा, कारण टेस्ट रिपोर्टवर त्याचीच सही चालते. पत्ता वस्तीतल्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळेल, पण त्याच गल्लीतल्या दोन घरी विचारून घ्या, पावसाळ्यात बोलावल्यावर परत आला होता का.

दुसऱ्या वायरमनला मी अजून खोटा ठरवलेलं नाही. ३० वर्षांच्या घरात ॲल्युमिनियमची वायर असेल, किंवा आवरण कडक होऊन तडकत असेल, तर वायरिंग बदलावीच लागते. पण हे दारातून दिसत नाही. मेगरने एकेक लाइन मोजायची, रीडिंग कागदावर लिहून द्यायचं. एका मेगाओहमच्या खाली आलेली लाइन बदला, बाकी राहू द्या. कदाचित फक्त स्वयंपाकघर आणि हॉल निघेल. पॉइंटचा भाव सामानासह की सामानाशिवाय, हे आधी लिहून घ्या. वायरच्या ९० मीटरच्या गुंडाळ्या स्वतः बिलावर आणा, आयएसआयचं चिन्ह आणि खालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. भिंतीत खाचा पाडल्यावर, प्लास्टर करण्याआधी, प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना तोच कामी येईल.

एक गोष्ट वायरमनच्या हातातली नाही. कधी घरातले सगळे बल्ब एकदम जास्त उजळले किंवा फार मंदावले, पंखा जोरात फिरायला लागला, तर बाहेरची न्यूट्रल सुटली असण्याची शक्यता आहे. तेव्हा लगेच मेन बंद करा, टीव्ही-फ्रिज जळू शकतात, आणि शेजाऱ्यांकडेही तसंच होत आहे का विचारून महावितरणच्या १९१२ वर फोन करा. मीटरच्या पुढचं घर तुमचं, मीटर आणि त्याच्या मागची लाइन महावितरणची. मीटरचं सील तोडायला किंवा खांबावर चढायला कुणीही तयार झाला तरी करू देऊ नका. तो गुन्हा आहे आणि त्यात तो माणूस मरूही शकतो.

देव न करो, पण घरात सगळ्यांना माहीत असावं : कुणी चिकटलं तर हात लावायचा नाही, आधी मेन बंद. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडी पाटावर उभं राहून कोरड्या काठीने त्याला सोडवायचं. श्वास नसेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करायची आणि दुसऱ्याने १०८ला फोन करायचा. मेन स्विच कुठे आहे हे आज संध्याकाळी घरातल्या मुलांनाही दाखवून ठेवा.

कामाचा क्रम असा धरा. या आठवड्यात कूलरचा पंप, तीन तारांची वायर आणि आरसीसीबी. पुढच्या आठवड्यात एसीची लाइन. वायरिंगचं मेगर पाहून पावसाळ्याआधी ठरवा. बोर्डाच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवा, त्यावर अर्थिंगचं रीडिंग, तारीख आणि टेस्टचं बटण दाबल्याची तारीख लिहीत जा.

आणि सासूबाईंसाठी एक. कूलरच्या प्लगला हातभर सुतळी बांधा आणि ती खिडकीच्या चौकटीवर, पाण्याच्या नळीच्या अगदी शेजारी, खिळ्याला अडकवता येईल अशी ठेवा. प्लग तिथे लोंबकळताना डोळ्यांनी दिसला, की मगच टंकीत नळी सोडायची.